सयामवाले दाजी

दाजींच्या होडीत पाय ठेवला की तुम्ही कोण, कुठल्या, कुणाकडे चाललात, हे काही विचारलं जायचं नाही. पहिला प्रश्न ठरलेला. "काय खाल्लंस?"

मी समुद्रापासून आत, कसालकडच्या नांदगावची. शाळेत नुकतीच नोकरी लागलेली, वय वीस आणि अंगातला मास्तरीणपणा पंचेचाळीस वर्षांचा. आमच्याकडे अनोळखी पुरुषाने बाईमाणसाला सकाळीसकाळी असलं काही विचारणं म्हणजे फारच झालं. मी छत्री पुढे धरली आणि पुस्तकी मराठीत म्हटलं, "आपल्याला काय करायचंय त्याच्याशी?"

"माका काय करूचा नाय," दाजी शांतपणे बांबू पाण्यात रोवत म्हणाले. "पण तुझा तोंड सांगता, नुसत्या चायवर भायर पडलंस. मधी खाडयेत चक्कर येवन पडलंस, तर शाळेत सांगूक माकाच जावचा लागतला."

होडीभर बसलेल्या मासळीवाल्या खो खो हसल्या. मी काहीतरी बाणेदार उत्तर देणार, तेवढ्यात माझ्या पोटात मोठ्याने गुरगुरलं. तेही सगळ्यांनी ऐकलं. अशी आमची ओळख झाली.

ही गोष्ट पन्नास-पंचावन्न सालच्या दरम्यानची. मालवणच्या अलीकडच्या त्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. मी अलीकडच्या गावात आत्याकडे राहायची आणि शाळा पलीकडच्या काठावर. आमच्या गावच्या किनाऱ्यावर पहाटे मासळी लागायची, ती पाट्यांत भरून बायका पलीकडे न्यायच्या आणि तिथून चालत मालवणच्या बाजारात. त्यामुळे सकाळची पहिली फेरी सगळी बायकांची. पंधरा-वीस बायका, तेवढ्याच पाट्या, बांगड्यांचा वास, एक मास्तरीण आणि मागे उभे दाजी.

दाजी ठेंगणे, रुंद, गुडघ्यात जरा वाकलेले. खाकी अर्धी चड्डी, वर बंडी आणि डोक्यावर आगबोटीवरची पांढरी टोपी. ती एके काळी पांढरी होती असं ते सांगत म्हणून आम्ही पांढरी म्हणायचो. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. कारण दाजी काही जन्माचे तारी नव्हते. सगळी उमेद त्यांनी आगबोटीवर भंडारी म्हणून काढली होती. बोटीवर सगळ्या खलाशांचा स्वयंपाक करणारा तो भंडारी. पुढे गुडघा गेला, बोट सुटली आणि गावी आले तर थोरल्या भावाच्या माघारी होडी नुसती काठाला पडलेली. दाजींनी पळी ठेवली आणि बांबू हातात घेतला.

स्वयंपाक्याच्या सवयी मात्र गेल्या नाहीत. होडी सोडण्यापूर्वी खाडीच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि निकाल द्यायचे. "आज मीठ कमी पडला हां." काठावरच्या घरांतून निघणारा धूर बघून कुणाकडे काय शिजतंय ते सांगायचे. ते खरं निघायचं की नाही हे तपासायला कोण जातंय! पण सांगायचे इतक्या खात्रीने, की एकदा भागू नावाच्या मासळीवालीने स्वतःच्या घराकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "दाजीनू, माझ्या घराक कुलूप आसा. धूर शेजारणीचो." दाजी म्हणाले, "तरीच खमंग येता." भागू आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. म्हणजे बोलली, पण फक्त शिव्या दिल्या.

आणि सगळ्यांत मोठी सवय म्हणजे सयाम. आता त्या देशाला थायलंड म्हणतात. मी मुलांना नकाशात तसंच शिकवत होते. दाजींना ते पसंत नव्हतं. त्यांच्या बोटीने शेवटची काही वर्षं तांदूळ भरायला सयामच्या फेऱ्या केल्या होत्या आणि त्यांनी ज्याला बघितलं तो सयाम होता, बस. मुंबई, कोलंबो, रंगून, सगळी बंदरं त्यांनी पालथी घातलेली, पण त्यांबद्दल विचारलं तर हात उडवायचे. "थंय काय, गोदी आसा आणि पावस आसा." सयामचं नाव काढलं की बांबू हळू पडायचा.

"दाजीनू, सयाम सांगा," असं कुणीतरी म्हणायचंच. खाडी अरुंद, त्यामुळे एका फेरीत थोडाच सयाम मिळायचा. उरलेला दुसऱ्या दिवशी.

"ब्यांकाकाक रस्ते कमी, पाणी जास्ती," दाजी सुरू करायचे. ब्यांकाक म्हणजे बँकॉक. "बाजार भरता तो पाण्यात. शंभर होडये एकाक एक लागान. होडयेत चूल, चुलीर टोप. आणि वल्हवणारी बाय, रांधणारी बाय, इकणारी पण बायच. डोक्यार ही भली मोठी माडाच्या पानांची टोपी."

"आणि बापये खंय?"

"बापये काठार बसान खातत."

"आणि तेंचे घोव काय बोलणत नाय?"

"बोलतले कशे? तोंडात घास आसता."

मग पदार्थांची यादी. चुलीवर खळगे-खळगे असलेलं बिडाचं भांडं, त्यात नारळाचा रस आणि तांदळाचं पीठ ओतून काढलेले आप्पे. "आप्पेच गो! ह्या मालवणातून कोण घेवन गेलो ता माका म्हायत नाय." तांदळाच्या शेवया गूळ घातलेल्या नारळाच्या रसात, म्हणजे आपले शिरवाळे. कच्ची पोपई किसून, उखळात मिरची, गूळ, लिंबू आणि सुकी कोळंबी घालून कुटलेली. पिकल्या आंब्याबरोबर चिकट भात आणि वर पुन्हा नारळाचा रस. दाजी सांगत सुटायचे आणि उपाशी पोटी आम्ही ऐकत राहायचो. आता विचार करते तर तो एक प्रकारचा छळच होता.

त्या बाजारात दाजी पहिल्यांदा गेले त्या दिवसाची गोष्ट तर आम्ही कितीदा ऐकली असेल. प्रत्येक वेळी बाजार थोडा मोठा झालेला असायचा, पण मुद्दा तोच.

दाजी काठाकाठाने चालले होते. एका वळणावर, होड्या लागायच्या पायऱ्यांशी, खांबावर एक छोटंसं घर दिसलं. बाहुलीचं असावं एवढंच. पुढे उदबत्ती, फुलं, वाटीत भात. आता दुसरा कुणी असता तर काहीतरी शोभेचं आहे म्हणून पुढे गेला असता. मालवणचा माणूस पुढे कसा जाईल! आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. नव्या जागेत अन्नाला हात लावण्याआधी त्याला सांगावं लागतं, गाऱ्हाणं घालावं लागतं, नारळ द्यावा लागतो. दाजींनी ओळखलं, हा इथला राखणदार. त्याला न विचारता आपण त्याच्या हद्दीत खायला निघालो होतो. अंगावर काटा आला म्हणे.

शेजारच्या होडीतून त्यांनी खुणेने एक नारळ घेतला, टोपी काढली, त्या घरासमोर उभे राहिले आणि बोटीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा म्हाराजा, तुझ्या जाग्यार परको माणूस इलो आसा. मालवणचो आसा, पोटासाठी इलो आसा. काय चुकला-माकला आसात, तर पदरात घे आणि ह्या लेकराक पोटभर खावक घाल रे म्हाराजा!" समोरून "व्हय म्हाराजा" म्हणायला कुणीच नव्हतं, म्हणून तेही स्वतःच म्हणाले. आणि पायरीवर नारळ आपटला.

"सयामात नारळ फोडणत नाय," इथे दाजी आवाज खाली आणायचे. "खातत, पितत, पण असो दाणकन फोडणत नाय. ह्या माका कोण सांगतलो?"

नारळ फुटला तो असा, की पाणी थेट खालच्या होडीतल्या चुलीत. चूल फुसकन विझली. धूर, राख, आणि त्या धुरातून हातात झारा घेतलेली एक बाई उभी राहिली. अख्खा बाजार वळून बघू लागला. दाजी हात जोडून तसेच उभे, एका हाताच्या बोटांत करवंटी.

"मगे?" आम्हाला माहीत असूनही आम्ही विचारायचो.

"मगे तिना माझ्या जोडलेल्या हातांकडे बघल्यान. त्या घराकडे बघल्यान. करवंटी बघल्यान. आणि झारो खाली ठेवन तिनापण हात जोडल्यान."

तिने चूल पुन्हा पेटवली आणि दाजींना पायरीवर बसवून पहिला वाडगा त्यांना दिला. शेवयांची आमटी, वर भरपूर काहीतरी पेरलेलं. दोन घोट घेतल्यावर दाजींच्या लक्षात आलं की ती सुकी कोळंबी आहे आणि आज सोमवार आहे. सोमवारी मासळी नाही, हा त्यांचा जन्माचा नेम.

"फेकलंत?" आत्याच्या वयाची एक मासळीवाली दर वेळी काळजीने विचारायची.

"राखणदाराचो परसाद फेकतंस? खाल्लंय. मगे बोटीर येवन इचार केलंय, आपलो सोमवार थंय लागू नसतलो."

गोष्ट इथे संपायची आणि होडी काठाला लागायची. पण एकदा शाळा सुटल्यावर परतीच्या फेरीला मी एकटीच होते, तेव्हा दाजींनी पुढचं सांगितलं. ते बायकांसमोर कधी सांगत नसत.

"माका वाडगो दिल्यान आणि ती बाय समोर बसली. स्वताक वाडगो भरून घेतल्यान आणि खावक लागली. सगळ्यांच्या समोर. गिऱ्हाईक उभा, ती खाता. कोण हसणा नाय, कोण बघणा नाय. खावन झाला, तोंड पुसल्यान आणि परत वाढूक लागली." त्यांनी बांबू वर ओढला आणि पुन्हा रोवला. "माका आमची शेवंता आठवली. मी तिका जेवताना कधी बघूक नाय."

शेवंता म्हणजे दाजींची धाकटी बहीण. आम्ही सगळ्या तिला शेवंताक्का म्हणायचो. लहान वयात नवरा गेला आणि ती माहेरी परतली. उंच, सुकलेली, कमी बोलणारी. बोलली की समोरचा गप्प व्हायचा. हाताला अशी चव, की भंडारीपणाचा एवढा तोरा असलेले दाजी घरात चुलीपाशी जायचे नाहीत. पण सगळ्यांची जेवणं झाली, भांडी झाली, की मागच्या पडवीत दार ओढून घेऊन ती काहीतरी खायची. काय, किती, कुणाला माहीत नाही. आपल्या खाण्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही, असं तिने कधीतरी ठरवून टाकलं होतं. सणाला जायची नाही, जत्रेला जायची नाही, पानात बसायची नाही.

"माझी एकच इच्छा आसा," दाजी म्हणाले. "तिना एकदा चार माणसांत बसान, सावकाश, पोटभर खाल्ल्यान पायजे. मी डोळे मिटूच्या आदी."

सयामचं वेड एवढं कशासाठी होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर दाजींबद्दल फार माया वाटली. पण ही इच्छा पुरी होईल असं मात्र अजिबात वाटलं नाही, कारण शेवंताक्काला मी ओळखत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भागूला मालवणच्या रस्त्यावर चक्कर आली. डोक्यावरच्या पाटीसकट खाली बसली. पहाटेपासून पोटात काही नव्हतं. तसं कुणाच्याच पोटात नसायचं. मासळी लागली की धावायचं, विकून परत यायचं, रांधायचं, घरच्यांना वाढायचं आणि मग आपलं. दाजींच्या "काय खाल्लंस?"ला सगळ्या रोज "खाल्लंय" म्हणायच्या आणि रोज खोटं बोलायच्या. वाटेत कुठे खायचं म्हटलं तर मालवणच्या हॉटेलात बाकांवर पुरुष. तिथे बाईमाणूस जाऊन बसलंय हे कुणी बघितलं नव्हतं. या बायका बाजारात भर रस्त्यावर बसून, पुरुषांशी हुज्जत घालून मासळी विकायच्या. त्याला लाज नव्हती. रस्त्यावर बसून घास तोंडात घालायला मात्र लाज होती. मी मास्तरीण, शिकलेली, पण माझा डबासुद्धा शाळेत भिंतीकडे तोंड करून उघडायचा.

दाजींनी घरी जाऊन भागूचं सांगितलं. सयामचं एक अक्षर काढलं नाही. हुशार माणूस. शेवंताक्का ऐकत राहिली आणि म्हणाली, "उद्या टोपभर पेज घेवन येतंय. पण माझ्याशी कोणी बोलूचा नाय."

दाजींना आभाळ ठेंगणं झालं. पलीकडच्या धक्क्यावर झावळ्यांचं छप्पर उभं राहिलं, जुन्या होडीच्या फळ्यांची दोन बाकं आली, चूल मांडली गेली. पेज, सुक्या कोळंबीची खोबरं-कांदा घातलेली किसमूर, लोणचं. शेवंताक्का रोज पहिल्या फेरीला टोप आणि किसमूर घेऊन होडीतून यायची आणि चुलीशी बसायची, रस्त्याकडे पाठ करून. आणि दाजी बाकांशी उभे, टोपी धुतलेली, सयामच्या बाजारात असावेत तसे. "बसा गो, बसा!"

एकही बसली नाही. पेज घ्यायच्या, "बरी आसा हां आक्के" म्हणायच्या, आणि किसमूर फणसाच्या पानात गुंडाळून पाटीच्या तळाशी ठेवायच्या. घरी पोरांना. पेज राहायची ती शेवटी मांजरांना. असं चाललं बरेच दिवस. दाजी ओरडून बघायचे, विनवून बघायचे. शेवंताक्का काही बोलायची नाही, पण टोपाचं झाकण दिवसेंदिवस मोठ्याने आपटायला लागली. हे दुकान बंद होणार आणि ती पुन्हा मागच्या पडवीत जाणार, हे दाजींना दिसत होतं. त्यांचं खाडीच्या पाण्याची चव बघणंही थांबलं.

आणि मग एक दिवस होडी रेतीत बसली.

खाडीच्या मुखाशी रेतीची एक दांडी होती. ओहोटीला ती वर यायची. दाजी तिला रोज वळसा घालून जायचे. त्या सकाळी वळसा न घालता सरळ तिच्यावर गेले. करकर आवाज झाला आणि होडी थांबली.

"आता काय?" सगळ्या एकदम.

"काय नाय. जरा अडाकली. सुटतली." दाजींच्या चेहऱ्यावर पकडल्या गेलेल्या मांजराचा भाव होता. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "तवसर टोप उघड गो शेवंता. हंय कोण बघूक येता?"

बेत झकास होता. घटकाभर बायकांना पाण्यात एकटं पाडायचं, मग बांबूने जोर लावून होडी सुटायची. एकच गोष्ट दाजी विसरले होते. ती अमावास्या होती. अमावास्येचं पाणी किती झपाट्याने उतरतं ते खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल. दाजींनी बांबू लावला, तर होडी हलेना. पाण्यात उतरून खांदा लावला, तरी हलेना. बघता बघता पाणी घोट्याशी आलं आणि मग तेही गेलं. होडी कोरड्या रेतीवर, आम्ही होडीत.

"आगबोटीक सुकती नसता," दाजी पुटपुटले. सुकती म्हणजे ओहोटी. एवढाच बचाव त्यांच्याकडे होता.

भागूने त्यांच्या सात पिढ्या काढल्या. मासळीवर ओली फडकी टाका, ऊन येतंय, बाजार गेला, आता भरती येईपर्यंत इथेच, असा गलका झाला. शेवंताक्का इतका वेळ टोप मांडीत धरून बसली होती. तिने झाकण काढलं आणि भागूच्या हातात वाटी दिली. "गाळी घालूक पण ताकद लागता. खा."

भागूने चार दिशांना बघितलं. पाणी, रेती, बगळे. खाल्ली. मग दुसरी, मग तिसरी. मी घरून खाऊन निघाल्याचं त्याच सकाळी दाजींना छातीठोक सांगितलं होतं, तरी माझीही वाटी पुढे झाली. आक्काच्या टोपलीतली किसमूर बाहेर आली आणि या वेळी ती कुणी पानात गुंडाळली नाही. गरम पेज, वर खोबऱ्याचा तुकडा. आयुष्यात इतकं चवीने मी काही खाल्लं नव्हतं. कुणीतरी विनोद केला, कुणालातरी ठसका लागला, आणि होडीतून उतरून रेतीवर फतकल मारून आम्ही सगळ्या जेवायला लागलो.

मध्येच माझी नजर वर गेली आणि मी वाटी पदराआड केली. होडी अडकल्याची बातमी गावभर झाली होती. दोन्ही काठांवर माणसं उभी. या काठाला बायकांचे नवरे, सासरे, दीर. त्या काठाला आमचे हेडमास्तर, त्यांच्यामागे सगळी शाळा. बाजाराच्या दिवशी गावातल्या सगळ्या बायका भर उजेडात गोलाकार बसून जेवतायत, हे ते सगळे उभं राहून बघत होते.

सगळ्यांच्या वाट्या खाली गेल्या. मग भागू म्हणाली, "आता बघल्यानी तर बघल्यानी. आक्के, आणखी आसा?"

झालं. ती लाज तिथेच रेतीवर राहिली. दुसऱ्या दिवशीपासून धक्क्यावरची बाकं भरली. हेडमास्तरांनी मला उशिराचं कारण विचारलं. म्हटलं, होडी अडकली. ते म्हणाले, तुम्ही जेवत होतात असं दिसलं. म्हटलं, हो, जेवत होते.

पुढे दाजींनी कच्च्या पोपईचा सयामी प्रकारही करवून घेतला. भागूने चाखला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, "ही आमचीच किसमूर, फक्त पिसाळलेली." पण सगळ्यांना आवडला. "एक सयाम दी गो आक्के," असं बायका मागायला लागल्या. शेवंताक्काही बदलली. पाठ वळवून बसणं गेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावायला लागली. मासळीवाल्यांचे नवरेसुद्धा यायचे आणि तिच्या धाकात मुकाट खायचे.

फक्त ती स्वतः खायची नाही. "आक्के, तू?" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "मी घराक जावन खायन." रेतीवरच्या दिवशीसुद्धा टोप रिकामा झाला आणि तिच्या वाट्याला काही उरलं नव्हतं. सगळं गाव दाजींची पाठ थोपटत होतं, आणि दाजी माझ्याकडे बघून हळूच मान हलवायचे. त्यांना हवं होतं ते अजून झालं नव्हतं.

मग माझी बदली झाली, लग्न झालं, कसालला संसार सुरू झाला. खाडी सुटली. पुन्हा तिकडे जायला बरीच वर्षं लागली. पासष्ट-सहासष्ट साल असेल. आत्या आजारी होती, तिला बघायला गेले. परतताना दुपारी धक्क्यावर उतरले. होडी आता कुणी तरुण मुलगा चालवत होता.

दाजी दिसले. धक्क्याच्या टोकाला, पालथ्या घातलेल्या एका होडीवर, खाडीकडे तोंड करून बसलेले. पार म्हातारे झाले होते. मी जवळ जाऊन हाक मारणार, तोच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मी कोण, कुठली, इतक्या वर्षांनी कशी, काही नाही.

"हळू," ते म्हणाले. "एकदम वळान बघ नको. हंय बस. आणि शेवंता काय करता ता माका सांग."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने मागे बघितलं. छपराखाली बाकावर तीन-चार मासळीवाल्या होत्या. त्यांच्या मधोमध शेवंताक्का. मांडीवर ताटली.

"जेवतायत," मी म्हटलं.

"बसान?"

"बसून. सगळ्यांच्या मधे."

दाजींनी दीर्घ श्वास घेतला. मग हळूहळू सांगितलं. गावात एक नवी सून आली होती, मासळी विकायला नुकतीच निघालेली. लाजरी. बाकावर बसेना, खाईना. शेवंताक्काने दटावलं तेव्हा ती पोर म्हणाली, "तुमी खावा, मगे मी खातंय." आक्का संतापली. पण पोर उपाशी होती. आक्का ताटली घेऊन तिच्या शेजारी बसली. ते झालं गेल्या महिन्यात. तेव्हापासून रोज दुपारी बसते.

"मग तुम्ही असे पाठ फिरवून का?" मी विचारलं. "इतकी वर्षं वाट बघितलीत. बघा ना!"

"मी बघलंय म्हणान कळला तर ती उठतली. मी तिका ओळखतंय." ते हसले. "धक्क्यार सगळ्यांनी बघल्यानी. मीच तेवढो रवलंय. काय आसा गो ताटात?"

"पेज. किसमूर. लोणच्याची फोड."

"सावकाश खाता?"

"अगदी सावकाश. आता भागूने आणखी वाढलं."

"नको म्हणाक नाय?"

"नाही. ताटली पुढे केली त्यांनीच."

दाजींनी टोपी काढली, डोळ्यांवरून फिरवली आणि पुन्हा घातली. खाडीत भरती चढत होती. "सांग," ते म्हणाले. "सांगत रव."

माझी कसालची मोटार त्या दिवशी चुकली. शेवंताक्का ताटली धुऊन पालथी घालेपर्यंत मी तिथे बसून एकेक घास दाजींना सांगत होते, आणि ते पाण्याकडे बघत ऐकत होते.